आमच्या दप्तरातला ‘सायंटिफिक’

‘सायंटिफिक कॅल्क्युलेटर’ या नावातच कला शाखेच्या विद्यार्थ्याला चार हात दूर ठेवण्याची सोय आहे. सायंटिफिक म्हणजे शास्त्र शाखेचा, आपला नव्हे, अशी आपली भाबडी समजूत! गणिताच्या धास्तीने आपल्यापैकी कित्येकांनी दहावीनंतर कला शाखेची वाट धरली. पण गणित मोठे चिवट असते. ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या पेपरात गाठते, भूगोलवाल्याला प्रात्यक्षिकात आणि मानसशास्त्रवाल्याला प्रयोगवहीत. मग नाइलाजाने हजार रुपयांच्या आतला एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर विकत आणला जातो. आणि त्यावर आपण करतो काय? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. फारच झाले तर वर्गमूळ. बाकीची बटणे परीक्षेच्या दिवसापर्यंत कोरी करकरीत राहतात. घरात दिवाणखाना, माजघर, माडी सगळे असावे आणि बिऱ्हाड मात्र ओसरीवरच थाटावे, तसा हा प्रकार.

माझे म्हणणे असे आहे की, न दाबलेल्या त्या बटणांपैकी निदान निम्मी आपल्यासाठीच आहेत. ती दाबायची केव्हा आणि का, हा प्रश्न गणिताचा कमी आणि समाजाकडे पाहण्याचा जास्त आहे. म्हणून ती वर्गात, फळ्यापुढे उभे राहून शिकवली गेली पाहिजेत. ‘कॅल्क्युलेटर वापरण्यास परवानगी आहे’ एवढे प्रश्नपत्रिकेवर छापले की आपले काम संपले, असे कोणत्याही महाविद्यालयाला म्हणता येणार नाही. पोहायला परवानगी आहे अशी पाटी विहिरीवर लावल्याने कुणाला पोहता येत नाही.

शाळेत हे शिकून आलेले असतील असे कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. बारावी शास्त्राच्या मुलांनासुद्धा राज्य मंडळाच्या परीक्षेत लॉगची कोष्टके चालतात, कॅल्क्युलेटर चालत नाही. आपण तर त्या वाटेलाही गेलेलो नाही. तेव्हा या यंत्राची आपली पहिली ओळख महाविद्यालयातच व्हायची आणि ती करून देणारे कुणी नाही. खोक्यातून निघणारे माहितीपत्रक इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरांत. ते वाचण्यापेक्षा शेजारच्याला विचारणे सोपे, आणि शेजारचाही आपल्यासारखाच!

अगदी पहिल्या पायरीपासून पाहा. पंचेचाळीस रुपयांच्या तीन वह्या आणि दहा रुपयांची दोन पेने घेतली, तर बिल १५५ रुपये. दुकानदाराच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हेच ओळीने दाबत गेलात, ३ गुणिले ४५ अधिक २ गुणिले १०, तर उत्तर येते १,३७०! कारण तो बिचारा जे येईल ते तिथल्या तिथे उरकत जातो: १३५, मग १३७, मग त्याची दहापट. सायंटिफिक कॅल्क्युलेटर मात्र संपूर्ण ओळ ऐकून घेतो, आधी दोन्ही गुणाकार करतो, मग बेरीज. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने बरोबर आहेत. दोघांची भाषा वेगळी आहे, इतकेच. भाषेच्या विद्यार्थ्याला वाक्यरचनेचे महत्त्व निराळे सांगायला नको. कंस हे इथले विरामचिन्ह आहे. उणे दोनचा वर्ग कंस न घालता मागितला की उणे चार मिळतात, कंसात घालून मागितला की अधिक चार.

आता खऱ्या मुद्द्याकडे वळतो. आपल्यापैकी अनेकांना प्रकल्पासाठी एखाद्या गावाची पाहणी करावी लागते. समजा, गावात २४० घरे आहेत आणि ३० घरांत जाऊन माहिती घ्यायची आहे. कोणती तीस? प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक पाहण्यांत ती तीस घरे एस.टी.च्या थांब्यापासून सुरू होतात आणि रस्त्याच्या कडेकडेने जातात. जिथे ओळखीचे कुणी आहे, जिथे चहा मिळतो, जिथे कुत्रे अंगावर येत नाही, ती घरे. ओढ्यापलीकडची वस्ती, गावकुसाबाहेरचा वाडा, शेतात एकटे पडलेले खोपट यांच्यापर्यंत आपली वही पोचत नाही. मग अहवालात आपण लिहून टाकतो की, गावातल्या अमुक टक्के घरांत नळ आहे. नळ असायचाच, रस्त्याकडेला पाइप आहे ना!

या दुखण्यावर औषध आपल्या दप्तरात आहे. कॅसिओच्या एफएक्स-८२ एम.एस. या सर्रास आढळणाऱ्या कॅल्क्युलेटरवर ‘शिफ्ट’ दाबून दशांश चिन्हाचे बटण दाबावे आणि बरोबरचे चिन्ह दाबावे. शून्य आणि एक यांच्या दरम्यानची, तीन दशांश स्थळांची एक संख्या पडद्यावर येते. पुन्हा दाबले की दुसरी, पुन्हा दाबले की तिसरी. त्यांत काही क्रम नाही, कुणाची शिफारस नाही. समजा ०.६३७ आले. त्याला २४० ने गुणावे, १५२.८८ होतात, त्यात एक मिळवावा आणि दशांश भाग सोडून द्यावा. घर क्रमांक १५३. तेच घर पुन्हा आले तर ते सोडून पुढची संख्या घ्यावी. असे तीस क्रमांक होईपर्यंत करत जावे. या यादीत ओढ्यापलीकडच्या घराला थांब्याजवळच्या घराइतकीच संधी आहे. अर्थात आधी सगळ्या घरांना क्रमांक देताना ती वस्ती यादीतून गळता कामा नये. ते काम यंत्र करणार नाही, आपल्यालाच पायपीट करून करावे लागेल. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि पुढे १९५० पासून देशात राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. थोड्यांना विचारून सर्वांविषयी बोलायचे असेल तर ते थोडे कसे निवडले याला फार महत्त्व आहे, हा त्या साऱ्या खटाटोपाचा पाया. तो खटाटोप आपल्या तळहातावर मावणाऱ्या एका बटणात येऊन बसला आहे. आणि आपल्यापैकी किती जणांनी ते आजवर दाबले आहे?

पाहणी झाली, आकडे आले, आता प्रमाण विचलन काढायचे. इथे आपल्याकडे अजून लांबलचक कोष्टक मांडण्याची रीत आहे: एक रकाना मूल्यांचा, दुसरा विचलनांचा, तिसरा विचलनांच्या वर्गांचा. रीत कळण्यासाठी ते एकदा-दोनदा मांडावे, जरूर मांडावे. पण चाळीस आकड्यांचे कोष्टक दहाव्यांदा मांडण्यात विद्या काय आहे, हे मला समजत नाही. कॅल्क्युलेटरवर ‘मोड’ दाबून दोन दाबले की तो संख्याशास्त्राच्या दालनात जातो. एकेक आकडा द्यायचा आणि ‘एम प्लस’चे बटण दाबायचे, या दालनात त्याच बटणाचे नाव ‘डी.टी.’ होते. शेवटी ‘शिफ्ट’ आणि दोन दाबले की मध्यमान आणि प्रमाण विचलन हात जोडून उभे.

मात्र प्रमाण विचलन एक नाही, दोन उभी असतात, आणि खरी परीक्षा तिथे आहे. एकाच्या नावात नुसते ‘एन’ आहे, दुसऱ्याच्या नावात ‘एन वजा एक’. पाच शेतकऱ्यांचे ज्वारीचे एकरी उत्पन्न ४, ६, ८, १० आणि १२ क्विंटल आहे असे समजा. मध्यमान ८. पहिले बटण सांगते २.८३, दुसरे सांगते ३.१६. खरे कोणते? वर्गात हा प्रश्न निघाला की ‘पुस्तकातल्या उत्तराशी जुळेल ते घ्या’ असा व्यवहारी सल्ला मिळतो. वास्तविक उत्तर यंत्रात नाही आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही नाही. ते आपण काय विचारतो आहोत यात आहे. आपल्याला त्या पाचांविषयीच बोलायचे असेल, म्हणजे ते पाच भाऊ आहेत आणि प्रश्न त्यांच्या शेतीचाच आहे, तर पहिले. पण ते पाच म्हणजे साऱ्या तालुक्यातून उचललेला नमुना असेल आणि त्यांच्यावरून तालुक्याचा अंदाज करायचा असेल, तर दुसरे. कारण असे की, तालुक्याचे खरे मध्यमान आपल्याला ठाऊक नसते. आपण त्या पाचांचेच मध्यमान घेऊन त्यापासून अंतरे मोजतो. आकडे स्वतःच्या मध्यमानाच्या नेहमीच जवळ असतात. त्यामुळे फैलाव असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ती तूट भरून काढण्यासाठी पाचाऐवजी चाराने भागायचे. नमुना पाचशेचा असेल तर दोन्ही उत्तरांत फरक जवळजवळ उरत नाही. पाचाचा असेल तर असा डोळ्यांत भरतो. थोड्या माणसांना भेटून पुष्कळांविषयी बोलणाऱ्याने जरा जपून बोलावे, ही एरवी शिष्टाचाराची गोष्ट. इथे तिला एक बटण आहे!

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे एकच कॅल्क्युलेटर चौघांत फिरतो. आधीच्या मैत्रिणीने भरलेले आकडे आपोआप पुसले जात नाहीत, यंत्र बंद केले तरी जात नाहीत. तिची मुलाखतीची वये आणि तुमचे पावसाचे आकडे गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात, आणि मध्यमान असे काही येते की ते ना वय, ना पाऊस. प्रत्येक आकड्यानंतर पडद्यावर आतापर्यंतच्या आकड्यांची मोजदाद दिसते. पहिला आकडा दिल्यावर तिथे एक दिसला पाहिजे. सत्तावीस दिसले तर समजावे की घरात आधीचे भाडेकरू आहेत. ‘शिफ्ट’, ‘मोड’, एक आणि बरोबर एवढे दाबले की घर रिकामे.

लोकसंख्येचे उदाहरण घेऊ, कारण हे आकडे भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या तिन्ही वर्गांत येतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. २०११ मध्ये ती ११,२३,७४,३३३ झाली. दहा वर्षांत सुमारे १६ टक्के वाढ. मग वर्षाला किती? दहाने भागून १.६ टक्के, असे उत्तर कितीतरी वह्यांत सापडेल. पण लोकसंख्या व्याजासारखी वाढते, वाढलेल्यावर पुन्हा वाढते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून आलेल्या १.१६ चे दहावे मूळ काढले पाहिजे. त्यासाठी आधी १० दाबावे, मग ‘शिफ्ट’सह घाताचे बटण, मग ती संख्या. उत्तर येते सुमारे १.०१४९, म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड टक्का. फरक क्षुल्लक वाटतो ना? याच गतीने लोकसंख्या दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील, असे आता विचारा. साधा भागाकार करणारा शंभराला १.६ ने भागून साडेबासष्ट वर्षे सांगेल. लॉगचे बटण वापरणारा दोनच्या लॉगला १.०१४९ च्या लॉगने भागेल आणि सुमारे ४७ वर्षे सांगेल. गती तशीच राहील असे मुळीच नाही, हा भाग निराळा. पण पंधरा वर्षांचा फरक म्हणजे पाणीपुरवठ्याची एक अख्खी योजना चुकण्याइतका फरक आहे.

या लॉगची कोष्टके जॉन नेपियरने १६१४ साली प्रथम प्रसिद्ध केली आणि पुढची साडेतीनशे वर्षे जगाचे मोठे हिशेब त्यांवर चालले. १९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-३५ हा हातात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर बाजारात आला. त्याला ३५ बटणे म्हणून ते नाव. किंमत ३९५ डॉलर. तेव्हा ती चैन होती. आज जी वस्तू विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे, ती वापराविना पडून राहावी हे मला खटकते.

सर्वांत जास्त खटकते ते कर्जाच्या बाबतीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी हप्ते भरतो आहे आणि घरातला शिकलेला माणूस म्हणून कागद आपल्या हातात येतो. सावकाराचे ‘शेकडा तीन रुपये महिना’ म्हणजे वर्षाला छत्तीस, असे घरोघर धरले जाते. व्याज थकले, ते मुदलात मिळवून नवी चिठ्ठी झाली आणि असे दर महिन्याला घडत गेले, तर १.०३ चा बारावा घात पाहावा लागतो: १.४२५८. म्हणजे साडेबेचाळीस टक्क्यांहून अधिक. शेकडा पाच असेल तर साठ नव्हे, ऐंशीला टेकते.

दुकानात मिळणाऱ्या हप्त्याच्या कर्जाची कथा याहून सभ्य, आणि म्हणूनच अवघड. पन्नास हजारांची दुचाकी, दोन वर्षांची मुदत, व्याज ‘फ्लॅट’ बारा टक्के. वर्षाला सहा हजार, दोन वर्षांचे बारा हजार. एकूण बासष्ट हजार भागिले चोवीस, हप्ता २,५८३ रुपये. हिशेब सरळ, खोटे काहीच नाही. पण आपण दर महिन्याला मुद्दलही फेडत असतो. वर्षाअखेर निम्म्याच्या आसपासच रक्कम आपल्याकडे उरलेली असते, आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर. उरलेल्या रकमेवर बारा टक्क्यांनी आकारणी झाली असती तर हप्ता २,३५४ रुपये बसला असता. महिन्याला सुमारे २३० रुपये, दोन वर्षांत साडेपाच हजार! त्या कर्जाचा खरा दर किती, हे घाताचे बटण वापरून अदमासाने काढता येते. महिन्याचा दर १.८ टक्के धरून पाहा. १.०१८ चा उणे चोविसावा घात काढा, तो एकातून वजा करा, ०.०१८ ने भागा आणि आलेल्या संख्येला हप्त्याने गुणा. पन्नास हजारांच्या अगदी जवळचा आकडा येतो. म्हणजे वर्षाचा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. पाटीवर बारा, खिशातून साडेएकवीस. कंस नीट घातले तर हा सगळा हिशेब दोन मिनिटांचा आहे. बी.ए. झालेल्या मुलीला सही करण्यापूर्वी तो करता येऊ नये, तर तिच्या अर्थशास्त्राचा घरच्यांना उपयोग काय?

भूगोलवाल्यांसाठी थोडे. पाण्याच्या टाकीपासून २० मीटरवर उभे राहून ३५ अंशांचा उन्नत कोन मोजला, डोळ्यांची उंची दीड मीटर. तर टाकी सुमारे साडेपंधरा मीटर उंच. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असला तर अकरा मीटर, ग्रॅडवर असला तर पावणेचौदा मीटर. तिन्ही उत्तरे टाकीला शोभणारी, म्हणून कुणाला संशय येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी तीस अंशांचा साइन काढून पाहावा, अर्धा आला तर यंत्र अंशांवर आहे. आणि या साइनला परका समजू नये. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ग्रंथातली ‘ज्या’, म्हणजे धनुष्याची दोरी. तिचेच ‘जीवा’ झाले. अरबीत ते ‘जीबा’ म्हणून गेले, तिथे स्वर लिहीत नसल्याने पुढे ‘जैब’ वाचले गेले. जैब म्हणजे वस्त्राचा गळा, छाती. त्याचे लॅटिन भाषांतर झाले ‘सायनस’ आणि त्याचा आखूड अवतार आपल्या बटणावर येऊन बसला. संस्कृत आणि इतिहास घेणाऱ्यांनी या बटणाला निदान ओळख तरी द्यावी!

यावर नेहमीचा आक्षेप ठाऊक आहे: यंत्राने बुद्धी गंजते. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत होती. आपल्याला बारा साती किती म्हटले तरी बोट बटणाकडे जाते. आक्षेप खोटा नाही. स्पर्धा परीक्षांच्या पूर्वपरीक्षेला हे यंत्र नेता येत नाही, तिथे तोंडी हिशेबच कामी येतो, हेही खरे. पण मी वर सांगितलेल्यांपैकी कोणते काम पावकी-दिडकीने होणार आहे? दहावे मूळ आजोबाही तोंडी काढत नव्हते. उलट, यंत्र वापरणाऱ्याला अंदाजाची गरज अधिक असते. बासष्ट हजार भागिले चोवीस म्हणजे अडीच हजारांच्या आगेमागे, हे ज्याला आधीच कळते, त्यालाच पडद्यावरचे २५८ पाहून शंका येते. अडीचकी येणाऱ्याच्या हातात कॅल्क्युलेटर शोभतो, हे मी आनंदाने मान्य करतो. ‘मोबाइलमध्ये सगळे असते’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगेन की, तो परीक्षागृहात येत नाही, आणि आकडे भरून प्रमाण विचलन देणारे दालन बहुतेक मोबाइलच्या कॅल्क्युलेटरात नसते.

मागणी मोठी नाही. वर्ष सुरू होताना संख्याशास्त्राचे पहिले चार तास या यंत्राला द्यावेत. अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र यांचे विद्यार्थी एकत्र बसले तरी हरकत नाही. ग्रंथालयात शब्दकोश जसे जागेवर बसून वापरायला मिळतात, तसे सहा कॅल्क्युलेटर ठेवावेत, म्हणजे ज्याला विकत घेणे जमत नाही त्याचे अडणार नाही. परीक्षेत उत्तराबरोबर ‘दोहोंपैकी कोणते प्रमाण विचलन घेतले व का’ यासाठी दोन गुण असावेत. आणि मराठी विभागाने त्या मुंगीच्या अक्षरांतल्या माहितीपत्रकाचे एका पानाचे ठसठशीत मराठी टिपण करून द्यावे. ‘शिफ्ट’ला प्रतिशब्द शोधण्यात वर्ष घालवू नये, शिफ्ट सर्वांना समजते. पहिल्या ओळीत एवढेच असावे: आकडे भरण्यापूर्वी आधीचे पुसा, पहिला आकडा दिल्यावर पडद्यावर एक दिसतो की नाही ते पाहा.